सजीवांच्या सृष्टी नक्की किती? पाच, सहा की तीन?

रेवती_डोंबिवली

आमच्या वाचनालयाने येत्या विज्ञान दिनासाठी सजीवांच्या वर्गीकरणावर एक मोठा भित्तिफलक करायचे ठरवले आहे. काम सरळ वाटत होते, पण पहिल्याच बैठकीत कार्यकर्त्यांचे दोन तट पडले. एका गटाचे म्हणणे असे की, आठवीच्या पुस्तकाप्रमाणे मोनेरा, प्रोटिस्टा, कवके (म्हणजे बुरशी), वनस्पती आणि प्राणी या पाच सृष्टी दाखवाव्यात, कारण फलक पाहायला येणारी बहुतेक मुले तेच शिकत असतात. दुसऱ्या गटातील दोघे नुकतेच पदवीधर झाले आहेत. त्यांच्या मते ती मांडणी १९६९ सालची असून आता जीवाणू, आर्किया (जीवाणूंसारखेच दिसणारे, पण वेगळ्या वंशाचे सूक्ष्मजीव) आणि दृश्यकेंद्रकी (पेशीत केंद्रक असलेले) ही तीन डोमेन, म्हणजे सृष्टींहूनही मोठे गट, दाखवल्याशिवाय फलक लावण्यात अर्थ नाही. तेवढ्यात तिसऱ्याने कुठूनशी सहा सृष्टींची एक आणि सातांची एक अशा दोन याद्या आणल्या आणि बैठक चहावर संपली.

माझा प्रश्न फलकापुरता नाही. हे मोठे गट निसर्गात मुळातच असतात आणि जीवशास्त्रज्ञ ते शोधून काढतात, की अभ्यासाच्या सोयीसाठी ते आपणच पाडतो? मुळातच असतील तर त्यांची संख्या सारखी का बदलते? आणि आपण पाडलेले असतील, तर त्यावर एवढे वाद कशासाठी?

निवृत्त_मास्तर

रेवतीताई, आधी हा पाचाचा आकडा आला कुठून ते पाहू. लिनियसने १७३५ साली सजीवांच्या दोनच सृष्टी मानल्या, वनस्पती आणि प्राणी. (त्याची तिसरी सृष्टी खनिजांची होती, ती पुढे जीवशास्त्रातून गळाली.) ही विभागणी कोणालाही पटावी अशीच होती. ती मोडली सूक्ष्मदर्शकाने, कारण पाण्याच्या थेंबात असे जीव दिसू लागले की जे पोहतही होते आणि हिरवेही होते. त्यांच्यासाठी हेकेलने १८६६ मध्ये प्रोटिस्टा ही तिसरी सृष्टी केली. कोपलंडने १९३८ मध्ये केंद्रक नसलेल्या जीवाणूंना त्यातून बाहेर काढून मोनेरा ही चौथी केली. उरली बुरशी. ती एका जागी वाढते म्हणून वनस्पतींत ढकललेली होती, पण तिला हरितद्रव्य नाही आणि ती स्वतःचे अन्नही तयार करत नाही.

रॉबर्ट व्हिटाकर हा मूळचा परिसंस्थांचा अभ्यासक असल्यामुळे ‘हा जीव पोट कसे भरतो’ या प्रश्नाला त्याने मोठे स्थान दिले. वनस्पती अन्न तयार करतात, प्राणी ते गिळतात आणि कवके बाहेरच पचवून शोषून घेतात. या तीन वाटांवर तीन सृष्टी, त्यांच्या खाली एकपेशीय प्रोटिस्टा आणि तळाशी मोनेरा, अशी त्याची १९६९ सालची मांडणी आहे. ती मुलाला एका तासात समजते आणि जन्मभर लक्षात राहते. माझे मत विचाराल तर फलकावर पाचच सृष्टी असाव्यात.

खवचट_खार

आमच्या महाविद्यालयात युग्लीना हा हिरवा, पोहणारा एकपेशीय जीव वनस्पतिशास्त्राच्या तासाला शैवाल असे आणि जिना उतरून प्राणिशास्त्राच्या तासाला गेल्यावर प्राणी होत असे. गुण मात्र दोन्हीकडे वेगवेगळे पडत.

सूक्ष्मदर्शी

मास्तरांनी इतिहास नेमका सांगितला आहे, पण तो १९६९ला थांबवल्यामुळे निष्कर्ष बदलतो.

अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठात कार्ल वोझ नावाच्या संशोधकाने वेगळाच मार्ग धरला. जीवाणूंच्या आकारावरून त्यांचे नाते कळत नाही, कारण बहुतेक जीवाणू गोल किंवा दंडाकार असतात आणि तेवढ्यावर गोत्र ठरवता येत नाही. म्हणून त्याने प्रत्येक सजीव पेशीत असणारी एक गोष्ट निवडली, ती म्हणजे प्रथिने बनवणारा रायबोसोम. त्यातील एका आरएनए रेणूला किरणोत्सारी फॉस्फरसने खूण करायची, विकराने त्याचे लहान तुकडे करायचे, ते तुकडे विद्युतप्रवाहाच्या साहाय्याने कागदावर पसरवायचे आणि त्यांची प्रतिमा क्ष-किरणांच्या फिल्मवर घ्यायची, असे ते काम होते. फिल्मवर काळे ठिपके उमटत आणि वोझ प्रकाशित काचेवर त्या फिल्म ठेवून तासन्‌तास ठिपके वाचत बसे. ज्यांचे ठिपके जुळतात ते जवळचे, ज्यांचे जुळत नाहीत ते लांबचे.

त्याच विद्यापीठात राल्फ वुल्फ मिथेन वायू तयार करणाऱ्या सूक्ष्मजीवांवर काम करत असत. त्यांच्याकडून आलेल्या एका मिथेनजनकाची फिल्म वोझने पाहिली, तेव्हा प्रत्येक जीवाणूत हमखास सापडणारे तुकडे तिच्यात नव्हते. ते दृश्यकेंद्रकी जीवांशीही जुळत नव्हते. १९७७ साली वोझ आणि जॉर्ज फॉक्स यांनी जाहीर केले की हा सजीवांचा तिसराच वंश आहे. बातमी ‘न्यूयॉर्क टाइम्स’च्या पहिल्या पानावर आली आणि अनेक सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ भडकले. नोबेल विजेते साल्व्हादोर लुरिया यांनी दूरध्वनी करून या प्रकरणापासून दूर राहण्याचा सल्ला दिला होता, असे वुल्फ यांनीच पुढे लिहून ठेवले आहे.

पुढे पुरावे साठत गेले. या जीवांच्या पेशीपटलातील मेदाची जोडणीच वेगळ्या प्रकारची निघाली आणि जीवाणूंच्या भित्तिकेतील पेप्टिडोग्लायकन त्यांच्यात सापडले नाही. १९९० मध्ये वोझ, कांडलर आणि व्हीलिस यांनी तीन डोमेनची मांडणी केली. हे जीव दूर कुठे असतात असेही नाही. गोबरगॅसच्या टाकीत मिथेन तयार करतात ते आर्कियाच. शेणातील इतर जीवाणू अन्नद्रव्यांचे विघटन करून देतात, पण शेवटची पायरी यांच्याशिवाय होत नाही.

तेव्हा ‘मोनेरा’ नावाच्या चौकटीत आपण दोन पूर्णपणे वेगळे वंश कोंबले आहेत, आणि त्यांना एकत्र ठेवण्याचे कारण एवढेच की दोघांनाही केंद्रक नाही.

चिंतामणी_पुणे

‘एवढेच’ हा शब्द मला खटकला. केंद्रक नसणे ही किरकोळ बाब नाही. अर्न्स्ट मायर यांच्यासारखा विसाव्या शतकातील अग्रगण्य उत्क्रांतिशास्त्रज्ञ १९९८ साली नेमके हेच म्हणत होता, की वर्गीकरण म्हणजे निव्वळ वंशावळ नव्हे. ज्यांचे एकमेकांशी साम्य अधिक त्यांना एकत्र ठेवणे आणि त्या गटाच्या नावावरून पुष्कळ माहिती मिळणे, हे वर्गीकरणाचे काम आहे. जीवाणू आणि आर्किया यांची रचना सारखी साधी आहे, तर दुसऱ्या बाजूला वडाच्या झाडापासून देवमाशापर्यंत सारा पसारा आहे. म्हणून मायर यांच्या मते सजीवांची साम्राज्ये दोनच, केंद्रक नसलेल्यांचे आणि केंद्रक असलेल्यांचे. रायबोसोममधील एका रेणूच्या भरवशावर साऱ्या जीवसृष्टीचे तीन भाग करणे मला आजही घाईचे वाटते.

सूक्ष्मदर्शी

मायर यांना वोझने त्याच वर्षी, त्याच नियतकालिकात उत्तर दिले होते. त्याचा रोख असा होता की मायर यांची दृष्टी पक्षी आणि प्राणी पाहून घडलेली आहे, आणि डोळ्यांना दिसणारे वैविध्य तेवढेच ती मोजते. सूक्ष्मजीवांचे वैविध्य त्यांच्या रसायनात असते. गंधक, लोह, हायड्रोजन, मिथेन यांच्यावर पोट भरण्याचे जितके मार्ग केंद्रक नसलेल्या जीवांनी काढले, त्यांच्या पासंगालाही वड किंवा देवमासा पुरत नाही. आता प्रश्न एका रेणूचाही राहिलेला नाही, संपूर्ण जनुकसंच वाचले गेले आहेत.

पैनगंगा_काठ

आमच्या बुलढाणा जिल्ह्यातील उदाहरण देतो. जून २०२० मध्ये लोणार सरोवराचे पाणी गुलाबी झाले, तेव्हा त्यावर काय काय बोलले गेले ते आठवत असेलच. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने नमुने तपासून हा रंग क्षारप्रिय आर्कियांचा असल्याचे सांगितले. पाणी आटून क्षारता वाढली होती आणि त्या जीवांची संख्या अफाट झाली होती. प्रयोगशाळेत नमुना स्थिर ठेवल्यावर ते जीव तळाशी बसले आणि वरचे पाणी नितळ झाले, हा तपशील मला फार आवडला होता. रंग पाण्याचा नव्हता, पाण्यातल्या रहिवाशांचा होता. पण पाच सृष्टींच्या फलकावर या रहिवाशांना ‘जीवाणू’ एवढेच नाव मिळेल.

खाडीपलीकडे

उरण-पेणकडच्या लोकांना हा रंग नवा नाही. कडक उन्हात मिठागराच्या कोंडीतील पाणी आटत आले की त्यावर तांबूस झाक चढते. तिच्यात अशा आर्कियांबरोबर एका खारट शैवालाचाही वाटा असतो.

द्राक्षवेल_निफाड

मी जीवशास्त्राचा पदवीधर नाही, द्राक्षबागायतदार आहे. तरीही या धाग्यावर लिहिण्याचा मला अधिकार आहे असे वाटते, कारण तुमच्या या वादाचे बिल दर हंगामात मी भरतो.

आमच्या बागेत दोन रोग मुख्य, डाऊनी आणि भुरी. कृषी सेवा केंद्रात दोन्हींना बुरशीच म्हणतात आणि दोन्हींच्या औषधांना बुरशीनाशकच. ऑक्टोबर छाटणीनंतर पाऊस लांबला, पाने रात्रभर ओली राहिली की डाऊनी येतो. पानाच्या वरच्या बाजूला तेलकट पिवळा डाग दिसतो आणि पान उलटे केले की त्याच जागी खालून पांढरा कापूस दिसतो. भुरीला पानावर पाणी लागत नाही. ती थंड, ढगाळ हवेत दोन्ही बाजूंनी राखेसारखी पसरते आणि मण्यांवर बसली की मणी तडकतात. आता यातली खोच अशी की भुरीवर चालणारे हेक्साकोनॅझोल डाऊनीवर मारले तर पैसे पाण्यात जातात, आणि डाऊनीवर चालणाऱ्या मेटॅलॅक्झिलची भुरीला काहीच फिकीर नसते. शेतीला नव्याने लागलेली मुले इथेच फसतात. बुरशी आहे, बुरशीनाशक मारले, मग गेली का नाही, असे विचारतात.

एका कृषी अधिकाऱ्यांनी मला एकदा सांगितले होते की डाऊनी ही मुळात बुरशीच नाही. त्या वेळी मी ते हसण्यावारी नेले होते. येथील जाणकारांनी याचा खुलासा करावा.

सूक्ष्मदर्शी

निफाडकर, त्या अधिकाऱ्यांचे म्हणणे शब्दशः खरे आहे.

भुरी हे खरे कवक आहे. कवकांच्या पेशीभित्तिकेत कायटिन असते आणि पेशीपटलात अर्गोस्टेरॉल नावाचा घटक असतो. हेक्साकोनॅझोल अर्गोस्टेरॉलची निर्मिती थांबवते. डाऊनीचा जीव मात्र ऊमायसीट गटातील आहे. त्याची भित्तिका मुख्यतः सेल्युलोज व त्यासारख्या शर्करांची असते आणि तो अर्गोस्टेरॉल तयारच करत नाही, त्यामुळे ते औषध त्याच्यात अडवणार तरी काय? उलट डायमेथोमॉर्फसारखी औषधे सेल्युलोजची भित्तिका घडवण्याच्या कामातच खीळ घालतात, म्हणून ती डाऊनीवर चालतात आणि भुरीवर नाही.

पाने ओली राहण्याची अटही वंशातूनच आलेली आहे. डाऊनीच्या बीजाणूंमधून दोन शेपट्यांच्या पोहणाऱ्या पेशी बाहेर पडतात आणि पाण्याच्या पातळ थरातून पोहत पर्णरंध्रापर्यंत पोहोचतात. पानाच्या खालच्या बाजूलाच कापूस दिसतो, कारण द्राक्षाच्या पानाची रंध्रे मुख्यतः खालीच असतात. या जीवाचे नातलग म्हणजे समुद्रातील तपकिरी शैवाले आणि डायाटम ही एकपेशीय शैवाले. बटाट्याच्या उशिरा येणाऱ्या करप्याचा, म्हणजे १८४५ नंतर आयर्लंडमध्ये दुष्काळ आणणाऱ्या रोगाचा जीवही याच घराण्यातील आहे.

व्हिटाकरच्या पाच सृष्टींत मात्र ऊमायसीट कवकांमध्येच बसवलेले होते, कारण धाग्यांसारखे वाढणे आणि अन्न शोषून घेणे हे दोघांचे सारखे आहे. पोट भरण्याच्या पद्धतीवर गट केले की असे होते. चिंतामणीसाहेब म्हणतात तसे नावावरून पुष्कळ माहिती मिळावी हे मलाही मान्य आहे, पण येथे ती माहिती नात्याने दिली, साम्याने नाही.

चिंतामणी_पुणे

हे उदाहरण बिनतोड आहे, हे मान्य. तरी ते दृश्यकेंद्रकींच्या आतले आहे. साम्राज्ये दोन की तीन, या मुद्द्याला त्याने धक्का लागत नाही.

धन्वंतरी_नगर

मी डॉक्टर आहे. निफाडकरांच्या बागेतला प्रश्न आमच्याकडे उलटा होऊन येतो. जीवाणू आपल्यापासून इतके लांबचे आहेत की पेनिसिलीन त्यांची भित्तिका मोडते आणि आपल्या पेशींना ती भित्तिकाच नसल्यामुळे त्यांना त्याचा पत्ताही लागत नाही. कवके मात्र वनस्पतींपेक्षा प्राण्यांना जवळची आहेत, हे आता रेणूंच्या अभ्यासातून पक्के झाले आहे. मे २०२१ मध्ये म्युकरमायकोसिसचे, म्हणजे लोक ज्याला काळी बुरशी म्हणत त्याचे रुग्ण महाराष्ट्रभर दाखल होत होते आणि अँफोटेरिसिनची इंजेक्शने मिळत नव्हती, हे सर्वांना आठवत असेल. ते औषध बुरशीच्या अर्गोस्टेरॉलला चिकटते, पण आपल्या पेशीपटलातील कोलेस्टेरॉल त्याचेच भावंड असल्यामुळे थोडेफार त्यालाही चिकटते. म्हणून आम्ही रोज क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडाची रक्ततपासणी, पाहत असू, कारण बुरशीबरोबर मूत्रपिंडाचेही नुकसान होत असे. मेदाच्या सूक्ष्म गोळ्यांत भरलेल्या लायपोसोमल प्रकारात हा त्रास कमी होतो, पूर्ण टळत नाही.

खवचट_खार

म्हणजे नात्यातल्या माणसाला धडा शिकवताना स्वतःलाही थोडे लागते.

अनुबंध

आपल्या परंपरेतील चार खाणींचा उल्लेख कोणीच केला नाही, याचे आश्चर्य वाटते. अंडज (अंड्यातून), जारज (गर्भातून), स्वेदज (घामातून) आणि उद्भिज (जमीन फोडून येणारे) ही विभागणी ऐतरेय उपनिषदात आहे आणि संतवाङ्‌मयातही जागोजाग येते. लिनियसच्या कितीतरी आधीची ही मांडणी फलकावर असायला हवी.

निवृत्त_मास्तर

असायला हवी, पण तिचा प्रश्न वेगळा होता हे लिहून. ‘हा जीव जन्मतो कसा’ असे ती विचारते, आणि त्या प्रश्नापुरती ती चोख आहे. छांदोग्य उपनिषदात तीनच प्रकार आहेत, ऐतरेयात स्वेदज धरून चार होतात, म्हणजे आकड्याचा वाद तिथेही चुकलेला नाही. मात्र अंडज म्हटले की साप, कोंबडी आणि मासा एका खाणीत येतात आणि उवा स्वेदज ठरतात. उवांना अंडी असतात, हे लिखा काढणाऱ्या कोणत्याही आईला ठाऊक होते.

खवचट_खार

सगळ्यांचे झाले असेल तर विषाणूंनी कोणत्या रांगेत उभे राहायचे तेही सांगा. गेल्या काही वर्षांत त्यांचीच ओळख सर्वांत जास्त झाली आहे.

इसार_किनारी

मी म्युनिकमध्ये उत्क्रांतिशास्त्रावर पीएचडी करत आहे, म्हणून दोन गोष्टींची भर घालतो.

विषाणूंना रायबोसोम नसतो. वोझने मांडलेला सजीवांचा वंशवृक्ष रायबोसोमवर उभा असल्यामुळे त्यात त्यांना फांदीच मिळू शकत नाही. त्यांचे वर्गीकरण एक आंतरराष्ट्रीय समिती स्वतंत्रपणे करते. गंमत अशी की इंग्लंडमधील ब्रॅडफर्ड येथे १९९२ साली एका शीतकरण मनोऱ्याच्या पाण्यातील अमीबात सापडलेला कण साध्या सूक्ष्मदर्शकाखाली दिसत असल्यामुळे जीवाणू समजला गेला होता. तो महाकाय विषाणू आहे हे जाहीर व्हायला २००३ उजाडले.

दुसरी गोष्ट तीन डोमेनविषयी, आणि ती रेवतीताईंना फारशी आवडणार नाही. २०१५ मध्ये आर्क्टिक समुद्राच्या तळावरील ‘लोकीचा किल्ला’ नावाच्या उष्णजलविवरांजवळच्या गाळातून काही आर्कियांचे जनुकसंच मिळाले. केंद्रक असलेल्या पेशींचीच मक्तेदारी समजली जाणारी अनेक जनुके त्यांच्यात होती. जीव मात्र कोणी पाहिला नव्हता. जपानी संशोधकांनी त्यांच्या एका नातलगाला खोल समुद्रातील गाळातून प्रयोगशाळेत वाढवले, त्याला बारा वर्षे लागली आणि निष्कर्ष २०२० मध्ये प्रसिद्ध झाले. त्या पेशीला लांब, फाटे फुटलेले हात आहेत आणि ती दुप्पट व्हायला दोन-तीन आठवडे घेते. आता बहुतेकांचा कल असा आहे की दृश्यकेंद्रकी हा तिसरा स्वतंत्र खोड-फाटा नसून आर्कियांच्याच फांदीतून तो फुटला. अशाच एका आर्कियाने जीवाणूला पोटात घेतले आणि तो पुढे पेशीला ऊर्जा पुरवणारी तंतुकणिका झाला. ते मानले तर मूळ डोमेन दोनच उरतात.

रेवती_डोंबिवली

म्हणजे चिंतामणीसाहेबांचे दोन आणि इसारकरांचे दोन एकच का?

इसार_किनारी

मुळीच नाही. मायर यांच्या मांडणीत आर्किया जीवाणूंबरोबर जातात आणि या मांडणीत ते आपल्याबरोबर येतात. आकडा तोच, पण रेघ वेगळ्या जागी पडते.

आपल्या मूळ प्रश्नावर माझे उत्तर असे की नाती निसर्गात असतात आणि ती शोधली जातात, तर ‘या फांदीला सृष्टी म्हणायचे आणि त्या फांदीला संघ’ हे आपण ठरवतो. सहा आणि सातांच्या याद्या त्यामुळेच निघाल्या, कोणी आर्किया वेगळे मोजले, कोणी तपकिरी शैवालांचे घराणे. फांद्या कुठे जुळतात हा वाद पुराव्याने मिटतो, आकड्याचा मिटत नाही.

निवृत्त_मास्तर

मग फलकासाठी तोडगा सुचवतो. चौकटी काढू नका, वृक्ष काढा, आणि पाठ्यपुस्तकातील पाच सृष्टींना पाच रंग देऊन ते त्या वृक्षाच्या फांद्यांवर भरा. प्राण्यांचा रंग एका सलग फांदीवर बसेल, वनस्पतींचाही. कवकांचा रंग प्राण्यांच्या शेजारी येईल, पण व्हिटाकरच्या हिशेबाने त्याचा एक शिंतोडा दूर डाऊनीवरही पडेल. मोनेराचा रंग दोन वेगळ्या खोडांवर दिसेल, आणि प्रोटिस्टाचा रंग साऱ्या झाडभर विखुरलेला असेल, कारण ती सृष्टी म्हणजे इतर कुठे न बसलेल्यांची गोळाबेरीज आहे. परीक्षेचे उत्तर मुलांना रंगांत सापडेल आणि ते कुठे तोकडे पडते तेही त्याच चित्रात दिसेल.

चिंतामणी_पुणे

ही सूचना मला मान्य आहे, फक्त केंद्रक असलेले आणि नसलेले यांच्यामध्ये एक ठळक रेषा हवी.

सूक्ष्मदर्शी

रेषा जरूर काढा, पण ती आर्कियांच्या फांदीला मध्येच कापून जाईल हे लक्षात घेऊन काढा.

द्राक्षवेल_निफाड

डाऊनीचे पान हवे असेल तर वाळवून पाठवतो. आमच्याकडे त्याला तोटा नाही.

रेवती_डोंबिवली

पान नक्की पाठवा. मास्तरांची सूचना समितीने एकमताने मान्य केली आहे आणि फलक सहा फूट उंच होणार आहे. एक शेवटची अडचण आहे. आमच्या एका सदस्या गोड्या मसाल्यातील दगडफूल खऱ्या नमुन्यांत लावावे असा आग्रह धरत आहेत. ते कवक आणि शैवाल मिळून झालेले असते, एवढे माहीत आहे. ते चिकटवायचे कुठे?

इसार_किनारी

कवकांच्या फांदीवर. नामकरणाच्या नियमानुसार दगडफुलाला दिलेले नाव त्यातील कवकाचे असते, आतल्या शैवालाचे नाव वेगळे राहते. तेथून हिरव्या शैवालांपर्यंत एक तुटक रेषा ओढा. तशीच तुटक रेषा जीवाणूंपासून आपल्या तंतुकणिकांपर्यंत आणि नील-हरित जीवाणूंपासून वनस्पतींच्या हरितलवकांपर्यंत लागेल, तेव्हा तुटक रेषांसाठी वेगळा रंग आताच राखून ठेवा. आणि दगडफूल डब्यातले असेल तर आधी झटकून घ्या, नाहीतर फलकाला जिऱ्याचा वास येत राहील.